खांद्यावरचं बाळ

नणंद बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली आहे. आज आंघोळीनंतर तिचं पंधरा दिवसांचं बाळ रडायचं थांबेचना. पाजून झालं, ओव्याच्या पुरचुंडीनं पोट शेकून झालं, सासूबाईंनी दृष्टही काढली. शेवटी तिनंच ते माझ्याकडे दिलं. "वहिनी, तू बघ गं."

मी त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि थोपटत फेऱ्या मारू लागले. थोड्या वेळानं त्याची मान माझ्या गळ्यापाशी कलंडली.

माझ्या मुलीच्या बारशाला हिनंच माझ्या हातातून रडणारी पोर ओढून घेतली होती. पोर तिच्या खांद्यावर गप्प झाली, तेव्हा भरल्या घरात ती म्हणाली, "आईला नाही जमत, आत्यालाच जमतं!" बायका हसल्या. माझं ब्लाउज दुधानं भिजत होतं, आणि मागूनही ती पोर देत नव्हती. मी ते विसरलेले नाही.

बाळाला यातलं काही ठाऊक नसतं. ऊब मिळाली की ते कुणाच्याही खांद्यावर झोपतं. घरातले सूड असे अंगाई गुणगुणत घेता येतात, आणि बघणाऱ्याला ती माया वाटते.

"वहिनी, दे ना आता," नणंद म्हणाली. तिच्या गाऊनवर ओला डाग पसरत चालला होता.

"उठेल गं," मी हळूच म्हणाले, आणि आणखी एक फेरी मारायला वळले.