थोरल्या बाईंची दुपदरी चादर

थोरल्या बाईंना जळायला फार मोठं कारण लागत नसे. पण त्यांच्या नशिबी कारण मोठं आलं, आणि तेही घरातलंच.

कलाशाळेत विणकाम शिकवायच्या त्या थोरल्या बाई आणि छपाई शिकवायची ती धाकटी. दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे मिळून चष्म्याचं दुकान चालवायचे आणि दोघी एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत कापड शिकवायच्या. घरी जिना एक, शाळेत बोळ एक. जायचं कुठं माणसानं?

त्यात धाकटीला शाळेत आणलं थोरल्या बाईंनीच. नवी नवरी घरात आली तेव्हा दिवसभर गुणगुणत असायची. आवाज चांगला होता, हीच पंचाईत. वाईट असता तर निदान गप्प बस म्हणता आलं असतं. शेवटी बाई म्हणाल्या, "शाळेत रंगाची पातेली घासायला माणूस हवंय, येतेस का?" आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात तो असा, आणि वर स्वतःच वाहून आणलेला. पातेली घासता घासता ती रंग कालवायला शिकली, मग ठसे मारायला, मग जाळीच्या स्क्रीनमधून रंग ओढायला. छपाईचे मास्तर दुसऱ्या गावी गेले आणि सगळ्यांनी वळून पाहिलं तर धाकटी त्यांच्या खुर्चीत, नखांत शेंदरी रंग घेऊन बसलेली.

आता विणकाम आणि छपाई यांत मुळात न्यायच नाही. थोरल्या बाई मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावायच्या, एकेक धागा फणीतून ओवायच्या, आणि आठवडा गेला की वीतभर कापड पुढं दिसायचं. तेही करड्या रंगाचं, कारण बाईंना वीण दाखवायची असायची, रंग नव्हे. समोरच्या खोलीत धाकटी सकाळी येऊन दुपारपर्यंत बोळभर कापडं वाळत घालायची. पिवळी, डाळिंबी, मोरपंखी! शाळा बघायला कोणी पाहुणे आले की बोळात माना वर करून उभे राहायचे. मग त्यांना थोरल्या बाईंच्या खोलीत आणलं जायचं. पाहुणे मागाकडे बघून म्हणायचे, "वा, अजून चालतो का हा?"

"चालतो," बाई म्हणायच्या. "तुम्ही थांबत नाही म्हणून दिसत नाही."

घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगायच्या. तो चष्म्याच्या काचा पुसत शांतपणे ऐकून घ्यायचा.

"तुझी नजर उत्तम आहे," तो एकदा म्हणाला. "फक्त जावेकडे बघताना तू भिंग लावतेस."

"तुमचा भाऊ ना तिचा नवरा, तुम्ही तिचीच बाजू घेणार!"

"मी काचेची बाजू घेतोय," नवरा म्हणाला आणि पुसत राहिला.

या शाळेत कापडाचं शिक्षण सुरू केलं ते जुन्या सरांनी. शिल्पकलेच्या मागं एक शेड होती, तिच्यात दगडाची धूळ झटकून त्यांनी दोन माग लावले. पुस्तकं नव्हती, म्हणून कापडंच जमवली. जहाजाच्या शिडाचं ठिगळ, बंद पडलेल्या गिरणीतले नमुने, कुणाच्या तरी आजीची लोकरी पासोडी, धान्याचं जाडंभरडं पोतंसुद्धा. त्या कपाटांना पुढं 'संग्रह' हा भारदस्त शब्द चिकटला. सरांचा नियम मात्र साधा होता: आधी उसवा, मग विणा. नव्या तुकडीनं संग्रहातल्या एका कापडाची पट्टी कापून घ्यायची, धागा धागा सोडवायचा, आणि ते कसं जुळलं होतं ते समजलं की मगच मागावर बसायचं. त्यासाठी चिंध्या चालायच्या नाहीत. "टांगायला बरं कापडही चालतं," सर म्हणायचे, "उसवायला उत्तमच लागतं." थोरल्या बाई सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी स्वतः विणलेलं कापड त्यांनी उसवलं होतं, आणि उसवताना रडल्याही होत्या.

पुढं सरांची जागा घेतल्यावर बाईंनी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. दुपदरी चादर. एकाच मागावर एकावर एक दोन कापडं, एक काळं, एक निळं, एकाच वेळी विणायची, आणि नक्षीच्या ठिकाणी वरचं खाली, खालचं वर करायचं. ती विणताना मागाच्या पायाखालच्या पावड्या मोठ्यानं मोजून मोजून बाईंचा घसा बसला. घरात महिनोन्‌महिने त्या खुणेनं बोलत. त्या काळाबद्दल नवरा अजूनही फार गोड आठवणी सांगतो. चादर संग्रहात गेली. ती बघून धाकटी म्हणाली होती, "ताई, हे मला सात जन्मांत जमणार नाही." बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं. मन खाली गेलं की काढून बघायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या. विणकामाची जागा शाळेनं भरलीच नाही. धाकटीची नोकरी अजून बाकी होती, म्हणून दोन्ही वर्ग तिच्याकडे गेले. म्हणजे आता थोरल्या बाईंच्या मागावर, थोरल्या बाईंच्या स्टुलावर धाकटी! घरात बसून बाईंना दुसरं काही दिसेना. भाजी चिरतानासुद्धा सुरी अशी चालायची की नवरा म्हणायचा, "हळू, ती दोडकी आहेत."

अशी काही वर्षं गेल्यावर शाळेतून बोलावणं आलं. संग्रह सांभाळायला एक नवी तरुण संग्रहपाल आली होती. सगळी कपाटं उघडून ती कापडं लोकांना बघता येतील अशी खोली ती करत होती. दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठी काचपेटी होती. शिरल्या शिरल्या नजर जाईल अशी.

"तिथं शाळेच्या शिक्षकाचंच काम ठेवायचंय," संग्रहपाल म्हणाली. "एक तर यादीतली तुमची दुपदरी चादर, नाहीतर धाकट्या बाईंचा मोरपंखी छापील पडदा. दोन्हींना जागा नाही."

थोरल्या बाई त्या दिवशी घरी आल्या त्या जवळजवळ गुणगुणत. ती पेटी आपली झाली पाहिजे, एवढंच आता त्यांना आयुष्याकडून हवं होतं. आतापर्यंत पाहुण्यांनी मान वर केली ती धाकटीसाठी. आता त्यांनी मान समोर करायची आणि थांबायचं.

दुसऱ्या दिवशी चादर काढायला त्या संग्रहाच्या खोलीत गेल्या. संग्रहपाल होतीच, धाकटीही आली होती, मदतीला. खण ओढला. आत पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, टेबलावर पसरलं तर चहाची किटली झाकायला पुरेल एवढं.

"चादर कुठाय?" बाईंनी विचारलं.

"हीच की, ताई."

"हा रुमाल आहे! चादर कुठाय माझी?"

"वर्गात गेली," धाकटी म्हणाली. "दर तुकडीत मुलागणिक एक पट्टी. सरांचा नियम तुम्हीच नाही का शिकवलात मला? उसवायला उत्तमच लागतं. मग मी उत्तम शोधलं."

"आणि तुझा तो पडदा? तो नाही सुचला?"

"पडद्याला कोण विचारतंय? तो घडीवर घडी पडून आहे."

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही दिली असतीत?"

यावर थोरल्या बाई नुसत्याच मोठ्यानं बोलू लागल्या. बोलता बोलता त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला, पिशवीतलं भिंग काढून डोळ्याला लावलं. गेल्या तुकडीनं शेवटची पट्टी न कापता कडेलाच उसवली होती, तिथले काळे आडवे धागे काढलेले होते. निळे जसेच्या तसे.

"निळं का नाही सोडवलं?"

"ते अस्तर ना?" धाकटी म्हणाली.

"अस्तर?"

"खालचं ते अस्तरच असणार, म्हणून मी मुलांना सांगायची, वरचं सोडवा, खालचं राहू दे."

थोरल्या बाई स्टुलावर बसल्या. आपल्या चादरीनं इतक्या तुकड्या शिकून गेल्या, आणि प्रत्येक तुकडी अर्धीच चादर शिकून गेली. रागवावं की आनंदून जावं, हे त्यांना क्षणभर कळेना. चुकली! बरी सापडली! पण चुकली ती माझ्याच कापडात चुकली!

संग्रहपाल मात्र तुकड्याकडे टक लावून बघत होती. "मला हाच हवा," ती म्हणाली. "मोठ्या पेटीत मधोमध हा एवढासा तुकडा. बाकीची चादर शिकवण्यात गेली, असं खाली लिहू. पडद्यापुढं कोणी एवढं थांबणार नाही."

जिंकल्या! थोरल्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. चेहरा पडला असेल तर एकदा डोळे भरून बघून घ्यावा, एवढीच इच्छा. पण धाकटीचा चेहरा कुठला पडतोय!

"छान झालं की," ती म्हणाली. "काचेत गेला म्हणजे आता हात लावायचा नाही. मग सोमवारी नवी तुकडी येतेय, त्यांना माझा पडदाच देते उसवायला. त्याचं नशीब उघडलं!"

थोरल्या बाई स्टुलावरून उठल्या. पडदा? गिरणीचं साधं कापड, एक धागा वर, एक खाली. त्यात उसवायला आहे काय? पण मुलं भोवती जमणार. मोरपंखी धागे बोटांना गुंडाळणार. 'आम्ही धाकट्या बाईंचं कापड उसवलं' असं जन्मभर सांगत फिरणार. आणि आपण काचेत. तोंड बंद, हात बांधलेले, खाली चिठ्ठी. फोटोला हार घातल्यासारखं.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगून विचारलं, "तुम्ही काय केलं असतंत?"

"काचेच्या मागं कोणाला ठेवायचं असेल तर आधी तपासून बघावं लागतं," तो म्हणाला, "की तिला दिसतंय ना बाहेरचं."

"दिसेल ना. सगळं दिसेल. तेच तर नकोय."

सोमवारी सकाळी बाई संग्रहपालसमोर उभ्या राहिल्या. "तुकडा परत द्या."

"अहो, दिवे लावून झालेत! चिठ्ठी छापून झालीय!"

"पडदा लावा तिथं. मोठा आहे, पेटी भरेल."

तुकडा घेऊन त्या तडक वर्गात शिरल्या. धाकटी फळ्याशी उभी होती. "ऊठ," थोरल्या बाई म्हणाल्या, ती उभीच असतानाही. "मागं जाऊन बस. अस्तर म्हणे!"

धाकटी खरंच मागच्या बाकावर जाऊन बसली, भिंग घेऊन. बाईंनी स्वतःच्या हातानं कात्री चालवली. पहिली पट्टी जरा वाकडी गेली, बाकीच्या सरळ. पट्ट्या वाटल्या, काळा धागा काढून दाखवला, निळा काढून दाखवला. दोन्ही कापडं एकाच वेळी चालतात, नक्षीच्या जागी एक वर येतं तेव्हा दुसरं खाली जातं, पण संपत नाही, हे सांगून सांगून त्यांचा घसा पुन्हा बसला. मुलांच्या कपाळावरच्या आठ्या जाईनात.

"सोप्पं आहे रे," मागच्या बाकावरून धाकटी म्हणाली. "एका घरातल्या दोन जावा. आज ही वर, उद्या ती. आणि वेगळं करायला गेलात तर घरच उसवतं."

वर्ग खो खो हसला. आणि हसता हसता सगळ्यांना दुपदरी वीण समजली. बोटं भराभर चालू लागली.

थोरल्या बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शिकवलं, चादर आपली, आणि हे सुचलं कोणाला? तिला! त्यांनी खडू उचलला, दोन रेघा ओढल्या, आणि पुढच्या तुकडीला ही उपमा स्वतःची म्हणूनच सांगायची, असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. एका तुकडीपुरतं कापड अजून शिल्लक होतं.