तेलासाठी उघडलेले हात

"मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयातली एक झडप अरुंद होते, रक्त पुढे नीट सरकत नाही आणि फुप्फुसांत तुंबते. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने हे करून ठेवले होते. "मुंबईला ऑपरेशन करावे लागेल. टाळून चालणार नाही."

मी तेव्हा वसईतल्या आमच्या गावात शिक्षिका होते आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देत होते. विहिरीवरून कळशी आणताना धाप लागायची, पाठीवर झोपता येत नसे. आम्ही ते सगळे अशक्तपणावर ढकलले. तुमच्या घरी कुणाला अशी धाप लागत असेल तर ढकलू नका.

मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी फादर चर्चमधले पवित्र तेल घेऊन आले. आई दारातच आडवी उभी राहिली. "फादर, तेल नका लाऊ. माजी पोर अजून जित्ती हाय."

तिचेही काय चुकले? आमच्याकडे तेल म्हणजे शेवट. फादर तेल घेऊन निघाले की बाया हातचे काम टाकून येत, उशाला मेणबत्ती लावत आणि रोझरीची जपमाळ सुरू करत. त्या दिवशीही शेजारच्या दोघी मयतावर घालायची पांढरी चादर घेऊन हजर झाल्या. मला रडू आले आणि रागही आला. श्वास चालू असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत चादर झटकायची म्हणजे कमालच.

फादरांनी चादरीची घडी करून ती परत दिली. "हा आजाऱ्याचा संस्कार आहे, मरणाऱ्याचा नव्हे. तिला बळ मिळावे म्हणून." आई बाजूला झाली, पण तोंड फिरवून.

मी विचारले, "फादर, मुलांकडून मी येशूची धन्यवचने घोकून घेते. दीन ते धन्य, शोक करणारे ते धन्य. मी तर रडतेच आहे. मग मला धन्य का वाटत नाही? नुसती भीती वाटते."

"धन्य वाटलेच पाहिजे असे कुठे म्हटले आहे?" फादर म्हणाले. "घाबरलेल्याजवळ देव येऊन बसतो, एवढेच. हात पुढे कर."

कपाळाला तेल लागले. मग तळहातांना लावायचे, तर माझ्या मुठी उघडेनात. स्वतःचेच हात ऐकत नव्हते. तेव्हा आई वळली, खाटेवर बसली आणि माझे एकेक बोट सोडवू लागली. "सोड गो बाय, सोड. मी हाय ना."

भीती गेली नाही, पण ती माझ्या एकटीची राहिली नाही. धन्य या शब्दाचा मला कळलेला अर्थ तेवढाच आहे.

ऑपरेशनमध्ये, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, बरगड्यांमधून छाती उघडून सर्जननी बोटाने झडप मोकळी केली. टाके काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता उशी काढून झोपून बघा." मी झोपले. श्वास लागला नाही. त्या सगळ्यांचे उपकार मी आजही रोज प्रार्थनेत आठवते.

पुढे काही वर्षांनी आईला पोटाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. फादरांना बोलवू का, हे तिला कसे विचारावे म्हणून मी घुटमळत होते. तीच म्हणाली, "फादरना सांग, तेल घेऊन या."

फादर आले तेव्हा मी तिची बोटे सोडवायला खाटेवर बसले. तिचे दोन्ही तळहात चादरीवर उघडेच होते.