कानामागच्या दोन रेघा

भांडुपला आमच्या खिडकीसमोरच गणपतीचा कारखाना आहे. तिथे मूर्तींचे डोळे रंगवणारा एक पोरगा आहे, असेल पंचवीस-सव्वीसचा. नववीत असल्यापासून गांजा ओढतोय, तोच सांगतो. दुपारी मागच्या पायरीवर दम मारतो आणि धुरासारखाच तरंगत आत येतो. मग श्वास रोखून त्याने ब्रश टेकवला की मातीला नजर येते. बघत राहावं असं ते असतं, तरी मी बोलतेच, "अरे, डोकं खराब होईल तुझं."

तो सावकाश हसतो. "काय नाय होत ओ काकी. पाला आहे नुसता."

हल्ली त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून एक डोळा झाला की तो मूर्तीच्या कानामागे पेन्सिलीने एक रेघ मारतो, दुसरा झाला की दुसरी.

परवा आमची मूर्ती बघायला गेले. उजवा डोळा माझ्याकडे मायेने बघत होता. डावा नुसता पांढरा.

"अरे, हा राहिलाय ना?"

तो उठला, पण मूर्तीसमोर न येता मागे गेला. कानामागे वाकून बराच वेळ बघत राहिला.

"दोन रेघा आहेत काकी," तो शांतपणे म्हणाला. "झालाय."