साळवे सरांनी दुरुस्त केलेला धडा

साळवे सर गेल्याचं मला किसनरावांनी सांगितलं. सकाळी वाचनालय उघडून मी टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं आवरत होते. किसनराव पायरीवरच थांबले. "ताई, सर गेले... आंघोळ करून आल्ते, चहा मागितला अन् बसल्या जागी..." एवढं बोलून ते आत आले आणि रोजच्यासारखं वर्तमानपत्र उघडून बसले. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. याला आता सहा आठवडे झाले.

आष्टीच्या एका शाळेत सरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर ते बदनापूरला राहायला आले आणि मी सांभाळते त्या लहानशा वाचनालयाचे सभासद झाले. पहिल्याच दिवशी विचारलं, "अमेरिकेतल्या सेनापतींची, राष्ट्राध्यक्षांची चरित्रं आहेत का?" आमच्याकडे लोक कादंबऱ्या मागतात, नाहीतर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मला नवल वाटलं. कारण पुष्कळ दिवसांनी कळलं. सहावीत असताना निबंधाचं बक्षीस म्हणून त्यांना एक पातळसं पुस्तक मिळालं होतं. स्वातंत्र्याचं युद्ध जिंकून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या एका सेनापतीचं ते चरित्र. वडील दुसऱ्याच्या शेतात सालाने राबत; त्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. शिक्षक झाल्यावर सर दरवर्षी एक तास अभ्यासक्रम बाजूला ठेवून वर्गाला त्या सेनापतीची गोष्ट सांगत. कधी खोटं न बोललेला, वेळ आली तेव्हा आपणहून खुर्ची सोडून शेतावर परतलेला माणूस...

वाचनालयात मी वाचकांसाठी अभिप्रायाची वही ठेवली होती. बाकीचे त्यात 'छान पुस्तक' एवढंच लिहीत. सर मात्र मोजून तीन-चार ओळी लिहीत आणि खाली तारीख घालत. एका सेनापतीच्या चरित्राबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'यात घोड्याचं नाव चार वेळा आलं आहे. पुलावरच्या लढाईत मेलेल्या शिपायांपैकी एकाचंही नाव नाही.' दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाबद्दल लिहिलं, 'भाषणं उत्तम. घरात कोणाशी काय बोलत होता, ते लेखकाला माहीत नसावं.' हे वाचून किसनराव हसत. ते धावड्याचे, बागायतदार, मुलांकडे शेती सोपवून बदनापुरात राहिलेले. त्यांना लढायांचे नकाशे आवडत. दोघे रोज दुपारी शेजारी बसत आणि परक्या मुलखातल्या सेनापतींवरून वाद घालत.

मग देणगीत एक जाडजूड इंग्रजी चरित्र आलं. सरांच्या त्याच सेनापतीचं. सरांनी ते शब्दकोश घेऊन दोन महिने वाचलं. परत आणलं तेव्हा वहीत काही लिहिलं नाही. किसनरावांनी विचारल्यावर सांगितलं, की या माणसाच्या शेतावर विकत घेतलेली माणसं राबत होती. त्यांच्यातलीच, घरात काम करणारी एक तरुण मुलगी पळून गेली, तर तिला धरून आणायला त्याने वर्षानुवर्षं माणसं धाडली.

"सर, त्या काळात सगळेच अशी माणसं ठेवत होते," किसनराव म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाचं असं उकरून काढायची काय गरज हाय?"

"ती पळाली ना, किसनराव? म्हंजी तिला तर त्याच काळात कळलं होतं."

किसनराव उठले आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर कित्येक महिने ते तिथेच बसत होते.

सरांनी दुसरंच काही मनावर घेतलं. आपण मुलांना अर्धवट शिकवलं, असं ते म्हणू लागले. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते काढून एस.टी.ने त्यांच्याकडे जायला लागले. आष्टीजवळच्या परतूरला माझं काम होतं म्हणून एकदा मीही बरोबर होते. आष्टीत त्यांचा एक विद्यार्थी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याने हात पुसत सरांना खुर्ची दिली.

"तुला मी वर्गात त्या सेनापतीचं सांगितलं होतं. त्यातलं एक राहून गेलं होतं," सर म्हणाले.

"सर, खरं सांगू का? मला ते बिलकुल आठवत न्हाई."

सरांनी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. मग म्हणाले, "मंग आता सगळंच ऐक."

आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. लढाया, खुर्ची सोडणं, ती मुलगी. तो चाळिशीचा माणूस हातात पाना धरून ऐकत उभा होता. परतीच्या गाडीत सर एवढंच म्हणाले, "विसरला होता, ते बरंच झालं म्हणा..." त्यांच्या चेहऱ्यावरून ते खूश आहेत की दुखावलेत, मला ओळखता आलं नाही.

त्या पावसाळ्यात त्यांनी अखेर वहीत लिहिलं, 'युद्ध जिंकलं, हे खरं. खुर्ची सोडली, हे खरं. तिच्यामागे माणसं धाडली, हेही खरं. माणूस एकच.' किसनरावांनी ते वाचलेलं मी पाहिलं. आठवडाभराने ते खिडकीजवळून उठले आणि सरांच्या शेजारी येऊन बसले.

"ती पोरगी सापडली का मंग त्यांला?"

"न्हाई सापडली. म्हातारी होऊन मेली, आपल्या घरात."

"बराबर झालं," किसनराव म्हणाले आणि नकाशाचं पुस्तक उघडलं.

गेल्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला, सुशीलाकाकूंना, भेटायचं राहिलं होतं. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. ओट्यावर डब्यांच्या शेजारी वाचनालयाचं एक चरित्र पालथं उघडं ठेवलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"हितंच वाचायचे ते. मोठ्यानं. मला अक्षर लागत न्हाई ना... मी काम करता करता इचारायची, हे कोण, ते कुठं गेले. त्यांला सांगता न्हाई आलं तर म्हणायचे, थांब, लिहून ठेवतो."

मला वहीतले सरांचे अभिप्राय आठवले; पुलावरच्या शिपायांची नावं, घरातलं बोलणं.

"आठ-दहा पानं राहिली असतील," काकू म्हणाल्या. "तुम्ही वाचता का?"

मी खाली बसले आणि वाचलं. त्यातला सेनापती म्हातारा झाला, त्याला मानाने पुरलं, तोफा डागल्या. पुस्तक संपलं. काकूंनी निवडलेली मेथी टोपलीत भरली, काड्या बाजूला केल्या.

"पुढच्या खेपेला दुसरं आणा," त्या म्हणाल्या. "जाड असलं तरी चालंल."