आधी आवाज, मग माणूस

पाठवणीची क्लिप कधी उलटी चालवून बघितलीय का तुम्ही? बघू नका. सोनईच्या आमच्या स्टुडिओत मी लग्नाच्या फिल्म एडिट करते. दहावीनंतर जे काही शिकले ते इथंच, मालक भाऊसाहेबांच्या हाताखाली. रोज कुणाचं तरी लग्न कापायचं, जोडायचं. हार्ड डिस्क भरते तसे किस्सेही भरत जातात.

एकदा गंमत म्हणून रिव्हर्स टाकला. नवरी गाडीतून उतरली, मागं मागं चालत आईच्या गळ्यात पडली, अश्रू गालावरून वर डोळ्यांत गेले. महिन्याच्या आत ती मुलगी खरंच माहेरी परत आली. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "बाई, सरळ चालवत जा."

शेवटचं चित्र हळूहळू काळं होत जातं, तो फेड आउट. एका फिल्ममध्ये तो मी नवरदेवाच्या आजोबांवर टाकला. आठवड्यात आजोबा गेले. तेव्हापासून गिऱ्हाईक आधीच बजावतं, "ताई, ते काळं आमच्या मान्सावर नको. मांडवावर टाका." मी मांडवावरच टाकते.

जंप कट म्हणजे मधला तुकडा उडवायचा. शेवगावच्या एक काकू फिल्म बघताना म्हणाल्या, "अगं बया, जाऊबाई खुर्चीतनं गेल्या कुठं?" जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला बी आठवना, मी उठले कवा."

आमच्या शेजारच्या सुमनताईंचा किशोर तीन वर्षांपूर्वी रागावून घरातून निघून गेला, ताई घरात एकट्याच उरल्या. तेव्हापासून कुठल्याही गावचं लग्न आलं की ताई येऊन माझ्यामागं बसतात, वऱ्हाडात तो दिसतो का बघायला.

एका दुपारी मी डिझॉल्व्ह लावत होते. त्यात एक चित्र विरघळतं आणि दुसरं वर येतं. नवरदेव विरघळत होता, नवरीचा मामा वर येत होता. ताईंनी माझा खांदा धरला.

"थांब. ह्यो किशोर हाय."

मी बरोब्बर मध्ये थांबवलं. दोघांचा मिळून झालेला चेहरा किशोरचाच होता.

"ताई, असा माणूसच नाही हो कुणी."

"पुढं नेऊ नको गं. जाईल त्यो."

मग गेल्या महिन्यात खर्डा गावचं लग्न आलं. त्यात मी 'जे-कट' लावला होता. म्हणजे पुढच्या चित्राचा आवाज आधी येतो, माणूस मग दिसतो. पडद्यावर पंगत चालली होती, आणि आवाज आला, "आई, दार उघड."

ताई उभ्या राहिल्या. आवाज मीही ओळखला.

पुढचं चित्र आलं. मांडवाची कमान, खाली कुणीच नाही. मी सगळं फुटेज धुंडाळलं. तसं बोलणारा कुणी सापडला नाही.

"आवाज आला म्हंजी मानूस येनार ना गं?" ताईंनी विचारलं.

"येतो ताई. मागोमाग येतो."

त्या घाईनं घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई आमच्या दारात आल्या आणि दोघांच्या चहापुरतं दूध मागून घेऊन गेल्या.