समजूत घालणाऱ्या बाई

मी शाळेत खिचडी शिजवते. आठवड्यातून एकदा पुसदहून समुपदेशनाच्या बाई येतात. त्यांना वेगळी खोली नाही, म्हणून भांडलेल्या पोरांना घेऊन त्या माझ्याच स्वयंपाकखोलीत बसतात आणि दोघांपुढे तांदूळ भरलेलं एकच सूप ठेवतात. तांदूळ निवडताना मान खाली असते, त्यामुळे पोरं बोलतात. "सुरुवात कोणी केली?" असं बाई कधीच विचारत नाहीत. "बरं, मग?" एवढंच म्हणून गप्प राहतात.

त्या दिवशी सातवीतल्या दोन मैत्रिणी होत्या. गावातलीने तांड्यावरच्या पोरीच्या घरच्या बंजारा बोलीची वर्गासमोर नक्कल केली होती.

"मले शाळाच नाई पायजे," तांड्यावरची म्हणाली. "उद्यापासून मायसंग वावरात जाईन."

"चुकलं, बाई," गावातली घाईने बोलली.

"मला कशाला सांगतेस? माझी कुठे नक्कल केलीस?"

"थे तं तोंड फिरवून बसली ना!"

"मग तू तिकडे जाऊन बस."

ती उठून पलीकडे गेली. हळूच म्हणाली, "तू नाई आली तं मी कोणासंग बसू वं?"

तांड्यावरची तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा वार नव्हता, तरी घंटेआधी त्या फाटकापाशी उभ्या होत्या. दोघी एकाच सायकलवर आल्या. बाईंनी त्यांना हाकसुद्धा मारली नाही. माझ्या खोलीत येऊन चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

मी कोणाशी आपणहून बोलत नाही. तेव्हा बोलले, "बसा ना, बाई. मलेबी रातभर झोप नाई आली."