सॉर्बीचं भांडं

वेल्डा रासमुसेनने टॅलमनच्या कचेरीत एकतीस वर्षं जमिनींच्या दस्तांच्या वह्या सांभाळल्या. लोखंडी फडताळावर दोन नंबरपासून दोनशे चौदापर्यंत वह्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या आधी चार बोटं जागा मोकळी. तिथे काही ठेवायचं नाही, पण दर सोमवारी ती जागा पुसायची, असं तिला आधीच्या कारकुनाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने एक सोमवार चुकवला नाही.

नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात या जागेची हकीकत सगळ्यांना पाठ होती. आधी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव सॉर्बी होतं. १८८८ साली मतदान झालं आणि टॅलमनला जास्त मतं पडली. निदान टॅलमनवाल्यांनी तरी ती तशी मोजली. सॉर्बी दप्तर देईना. मग एका रविवारी सगळं सॉर्बी चर्चमध्ये बसलंय असं पाहून टॅलमनचे लोक तीन घोडागाड्या घेऊन आले आणि वह्या, टेबलं, शिक्के, इतकंच काय, कचेरीतली शेगडीसुद्धा उचलून घेऊन गेले. पहिली वही तेवढी हाती लागली नाही, कारण सॉर्बीच्या कारकुनाने ती नक्कल करायला घरी नेली होती. पुढे टॅलमन वाढलं, सॉर्बी वाळत गेलं. मध्ये अंतर नऊ मैलांचं, पण एकमेकांच्या लग्नाला-मयताला जाणं बंद झालं ते झालंच.

१९८६ साली वेल्डाच्या निवृत्तीला तीन महिने उरले, तेव्हा सॉर्बीत एकच माणूस राहत होतं. ऑर्फा टिंडल, वय एक्याण्णव, त्या कारकुनाची नात. वही तिच्याकडेच असणार हे उघड होतं. ती मागायला आजवर टॅलमनचं कुणी गेलं नव्हतं. वेल्डा मान खाली घालून गेली.

"आज एकच गाडी?" ऑर्फाने दारातच विचारलं. "तुझ्या आजोबांनी तीन आणल्या होत्या."

"शेगडी परत आणली असती, मिसेस टिंडल, पण ती केव्हाच भंगारात गेली."

म्हातारीला हे उत्तर आवडलं असावं. तिने कॉफी दिली, मग उशीच्या अभ्र्यातून वही काढून टेबलावर ठेवली.

"मी गेल्यावर दफनानंतरचं जेवण कोण करणार गं? इथे बाई उरली नाही. तुमच्या बायका करतील?"

"करतील."

"तू तुझ्यापुरतं बोल."

"मी करीन. त्यांनाही आणीन."

ऑर्फाने वही तिच्याकडे सरकवली. कागद नाही, सही नाही. शिक्क्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवण्यात वेल्डाचा जन्म गेला होता. तिला ते फार जड गेलं.

वही जागेवर बसली, वर्तमानपत्रात फोटो आला, निवृत्तीचा केक कापून झाला. मार्चमध्ये ऑर्फा वारली. दिलेला शब्द वेल्डाशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. ती गप्प बसली असती तरी कुणी विचारलं नसतं.

टॅलमनच्या चर्चच्या तळघरात बायकांची बैठक होती, तिथे तिने विषय काढला. मुख्य होती लोरीन क्रूगर. त्या रविवारी गाड्या निघताना सॉर्बीवाले चर्चमधून धावून आले, त्या झटापटीत तिच्या आजोबांच्या गुडघ्यात गोळी बसली होती आणि ते जन्मभर लंगडले होते.

"वही मिळाली ना? मग आता कशाला?" लोरीन म्हणाली. "शंभर वर्षांत त्यांचं एक भांडं आपल्या दारी आलं का?"

"आपण कधी बोलावलं?"

बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

दफनाच्या आदल्या दिवशी वेल्डा एकटीच सॉर्बीला ऑर्फाच्या घरी जेवणासाठी कप काढून ठेवायला गेली. ऑर्फाच्या फ्रीजरमध्ये तिला बटाटा-खिम्याचं एक काचेचं भांडं दिसलं. भांडं घरी परत यावं म्हणून बायका खाली लावतात तशी चिकटपट्टी लावलेली: 'ऑ. टिंडल, सॉर्बी'. वर चिठ्ठी होती. 'आदल्या दिवशी बाहेर काढा. आठ जणांना पुरेल.'

म्हातारीने आपलं जेवण आपणच करून ठेवलं होतं. वेल्डा खुर्चीत बसून रडली. शरमच वाटली तिला, गावाची आणि स्वतःची. मग तिने लोरीनला फोन लावला आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

लोरीनने विचारलं, "आठच?"

दुसऱ्या दिवशी टॅलमनहून अकरा गाड्या आल्या. हॅम आलं, बटाटे आले, तीन रंगांच्या जेली आल्या, फळं भरून भाजलेले गोड ‘पाय’ तर इतके की ठेवायला जागा पुरेना. ऑर्फाचं भांडं लोरीनने स्वतः टेबलाच्या मधोमध ठेवलं. गुडघ्याचा विषय निघाला नाही. साठ माणसांनी त्यातलं चमचाभर तरी घेतलं.

जेवणं झाल्यावर बायकांनी भांडी धुतली, उलटी करून नावं वाचली आणि आपापली उचलली. एक उरलं. ते न्यायला त्या घरात कुणी नव्हतं. वेल्डाने ते पदार्थांच्या टोपलीत ठेवलं आणि घरी नेलं.

आता टॅलमनमध्ये कुणाचंही दफन असो, वेल्डा त्याच भांड्यातून बटाटा-खिमा आणते आणि रिकामं भांडं परत आपल्या घरी नेते. गरम पाण्याने चिकटपट्टी सुटते, तेव्हा ती नवी लावते आणि तेच नाव लिहिते. गेल्या महिन्यात गावात नवीन आलेली एक सून भांडी पुसताना ते वाचून थबकली. हे कुठे पोचवायचं, तिने विचारलं.

"सॉर्बीला," लोरीन म्हणाली. "दे इकडे, आज मी नेते."